नाती सुधारली म्हणता, पुरावा कुठाय?

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि वाई, कराड करत सांगलीकडे जाते. तिच्या खोऱ्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. १८६२ साली या गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली, ती पुढे रमाबाई रानडे झाली. त्याच गावात ५१ वर्षांनी, १९१३ साली, यशवंतराव चव्हाण आजोळी जन्मले. दोघांनीही घरातल्या आठवणी लिहून ठेवल्या. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली निघालं, यशवंतरावांचं ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली.

घरातली नाती पिढ्यांगणिक सुधारली की बिघडली हे ज्याला पुराव्यानिशी पाहायचं आहे, त्याला वाटेल की ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की काम झालं. तसं होत नाही. रमाबाई लिहितात त्या बायको म्हणून आणि सून म्हणून, यशवंतराव लिहितात ते मुलगा म्हणून. एका घरी जहागिरी होती. दुसऱ्या घरी बाप कोर्टात बेलिफ होता आणि प्लेगमध्ये तोही गेला. मागे राहिली आई विठाई आणि तिची मुलं. नातं वेगळं, जात वेगळी, पैसा वेगळा. दिसतो तो फरक पिढीचा की परिस्थितीचा, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

या प्रश्नावर मत नसलेला मराठी माणूस मात्र विरळा. एक पक्ष म्हणतो, पूर्वी माणसं माणसांना धरून होती, आता घरात चार मोबाइल आणि चार तोंडं चार दिशांना. दुसरा म्हणतो, पूर्वीची ती माया म्हणजे धाकाला दिलेलं गोंडस नाव. खोटं वाटत असेल तर सुनांना विचारा. दोन्ही पक्षांकडे साक्षीदार आहेत, कागद नाहीत, आणि साक्षीदार आपापल्या बाजूचे आहेत. शिवाय ‘नाती’ म्हणताना कोण कुठलं नातं धरतो याचा पत्ता नसतो. नवरा-बायको, सासू-सून, बाप-मुलगा, भाऊ-बहीण, म्हातारे आईवडील आणि कमावती मुलं, ही सगळी एकाच वेळी सुधारतील किंवा एकाच वेळी नासतील असं कुणी सांगितलंय? प्रत्येक नात्याचा कागद वेगळ्या ठिकाणी पडलेला असतो. तो शोधायचा कुठे आणि वाचायचा कसा, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

सगळ्यात आधी हाताशी येतात ती शास्त्रं. महाबळेश्वरचा घाट उतरला की वाई. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत ‘धर्मकोश’ सिद्ध झाला. त्याच्या व्यवहारकांडात वारसा, वाटणी, नवरा-बायकोचे हक्क, स्त्रीधन यांवरची जुनी वचनं विषयवार लावलेली आहेत. अफाट विद्वत्तेचं काम आहे. पण घर कसं असावं हे त्यात सापडेल, कसं होतं हे सापडणार नाही. आजचं उदाहरण घ्यायचं तर रहदारीच्या नियमांची पुस्तिका वाचून पुण्यातली रहदारी कळत नाही.

मग येतात दप्तरं. पेशव्यांच्या आणि सातारकर छत्रपतींच्या रोजनिश्यांतले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी लावून ठेवले. त्यांत भावाभावांच्या वाटण्यांचे तंटे आहेत, वतनाचे दावे आहेत, दंड आहेत. इथे एक धोका लपलेला आहे. भांडणाचा कागद होतो. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराचा कागद होत नाही. दप्तरखान्यात बसून कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला सगळं जुनं जग भांडखोर वाटू लागतं, आणि आजच्या कौटुंबिक न्यायालयांच्या खटल्यांवरून आजचं जग मोजणाराही याच खड्ड्यात पडतो. घटस्फोट वाढले म्हणजे संसार बिघडले, असं नव्हे. जिथे घटस्फोट घेताच येत नव्हता तिथे तो शून्य होता, एवढंच. मुंबई प्रांतात हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळू लागला तो १९४७ नंतर. त्याआधी सोडलेली बाई होती, टाकलेली बाई होती. कायद्याने घटस्फोट घेतलेली बाई मात्र कागदावर नव्हती. आणि वि. का. राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचं लक्ष पानिपताकडे होतं. ते साहजिकच. पण तेव्हापासून वाड्यावाड्यांतल्या पेटाऱ्यांतून राजकारणाचे कागद बाहेर आले आणि घरखर्चाच्या वह्या, लेकीची पत्रं, बाळंतपणाचे हिशेब बहुतेक बस्त्यातच कुजले. कुणाला तो इतिहास वाटला नाही.

घराच्या आतलं पहिल्यांदा बाहेर आलं ते बायका लिहू लागल्या तेव्हा. आणि या कामात कृष्णाकाठचा वाटा मोठा आहे. काशीबाई कानिटकर १८६१ सालच्या, जन्म आष्ट्याचा. नवरा शिकलेला, बायको अशिक्षित; त्याच्या मनास यावं म्हणून त्या चोरूनमारून लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे मराठीतल्या आरंभीच्या लेखिकांत त्यांचं नाव झालं. त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं ते आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार घेऊन. ही पत्रं हा कुटुंबाच्या अभ्यासकाला मिळालेला सोन्याचा साठा आहे. गोपाळराव जोशी म्हणजे बायकोला डॉक्टर करण्यासाठी जगाशी भांडलेला माणूस, अशी आपली समजूत. आणि ती खोटी नाही. पण अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात जुना हिशेब मांडलेला आहे: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, पुढे खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर फेकणं, सोडून जाण्याची धमकी देणं. हे सगळं शिकवण्याच्या नावाखाली. हजारो मैलांवरून, बोटीने जाणाऱ्या पत्रात, विशीतल्या त्या बाईला ते लिहिता आलं. एका छपराखाली असताना लिहिता आलं असतं का?

रमाबाईंच्या पुस्तकाचं बळ दुसरीकडे आहे. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती रानडे एकतिशीतले. नवऱ्याने लगेच शिकवायला घेतलं. नवरा-बायकोपुरतं पाहिलं तर हे नातं काळाच्या पुढे गेलेलं. पण त्यासाठी सुनेने घरातल्या बायकांचा जाच सोसला: इंग्रजी शिकते म्हणून टोमणे, अबोला, कामात काढलेल्या खोड्या. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी, एक नातं सुधारत होतं आणि त्यामुळेच दुसरं नातं बिघडत होतं. ‘पिढ्यांगणिक सुधारणा’ असं सरळ रेषेत बोलणाऱ्यांनी हे पुस्तक सावकाश वाचावं. गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना असल्यामुळे पुष्कळदा ते न्यायमूर्तींचं चरित्र म्हणूनच वाचलं गेलं, सासुरवासाचं साधन म्हणून कमी.

अशा आठवणींवर किती विसंबायचं, हा वाद जगभर झालेला आहे. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली मांडलं की जुन्या युरोपात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती. त्यावरून पुढच्या काहींनी निष्कर्ष काढला की पूर्वीच्या आईबापांना मुलांची फारशी माया नव्हती. १९८३ साली लिंडा पोलॉक या अभ्यासिकेने ब्रिटन-अमेरिकेतल्या सुमारे पाचशे रोजनिश्या आणि आत्मकथनं चाळली आणि दाखवून दिलं की मुलाच्या आजारपणात रात्र रात्र जागणारे, मूल गेल्यावर कोसळून पडणारे आईबाप सोळाव्या शतकातही होते. माया नवी नव्हती. तिचे कागद कुणी पाहिले नव्हते. पण पोलॉकच्या साधनांतही एक भोक होतं, आणि आपल्याकडे ते फार मोठं आहे. रोजनिशी लिहिणारा माणूस साक्षर आणि बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो.

विठाईंनी काही लिहिलं नाही. लिहिणं त्यांना येत नव्हतं. संकटात त्या मुलांना ओवीतून धीर द्यायच्या, हे आपल्याला कळतं ते मुलाने लिहिलं म्हणून. ज्यांच्या मुलांनी पुस्तकं लिहिली नाहीत अशा लाखो विठाई कुठे शोधायच्या? जात्यावर.

सरोजिनी बाबर याच मुलखातल्या, वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या, १९२० सालच्या. राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या त्या प्रदीर्घ काळ अध्यक्ष होत्या आणि त्यांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्या, उखाणे, गाणी, कहाण्या जमवल्या. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून हे काम कित्येक पट वाढवलं; हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. आता हा संग्रह ‘परी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने सांभाळलेला आहे आणि कुणालाही ऐकता येतो.

हे साधन इतकं मोलाचं का? कारण ते पहाटेचं आहे. पुरुष झोपलेले, सासू दुसऱ्या खोलीत किंवा जात्याच्या दुसऱ्या बाजूला, आणि घरघरीत बोललेलं बाहेर ऐकू जात नाही. भाऊ, माहेर, आई, मुलगा यांच्यावर ओव्यांचे डोंगर आहेत, सासुरवासावर आहेत, नवऱ्यावर त्या मानाने कमी. या कमीचा अर्थ काय लावायचा, यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. मला एवढंच वाटतं की ओवीला साच्यांची सवय असते. सासू वाईटच आणि भाऊ चांगलाच, हे काही अंशी गाण्याचं वळण आहे. ते घराचं छायाचित्र समजू नये. आणि गावात पिठाची गिरणी आली तसं हे साधन आटत गेलं. ज्या पिढीने जातं सोडलं तिच्या मनातलं जाणून घ्यायला ओवी उपयोगी नाही. बायकांचे हात मोकळे झाले त्याच सुमारास त्यांचं दप्तरही बंद झालं, असा हा उलटा व्यवहार.

महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला: आधी गिरणीत, मग माथाडी म्हणून बाजारपेठांत. बायको गावाकडे, शेत आणि सासू-सासरे सांभाळत. वर्षातले अकरा महिने नवरा-बायको वेगळे राहत असतील तर ‘त्यांचं नातं कसं होतं’ या प्रश्नाचं उत्तर मनिऑर्डरच्या पावतीत शोधावं लागतं. त्या कुपनावर चार ओळी लिहायला जागा असायची. लिहायचा नवरा, वाचून दाखवायचा पोस्टमन किंवा शाळेतला पोरगा. बायकोला खासगी असं काही उरायचंच नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ साली पुस्तकरूपाने आणलेला गिरणगावचा तोंडी इतिहास या जगाची मुंबईकडची बाजू दाखवतो: खोल्या, खानावळी, गावकऱ्यांचे गाळे. गावाकडची बाजू अजून बरीचशी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडातच आहे.

मधल्या पिढीसाठी मात्र कृष्णाकाठने एक सुरेख साधन तयार करून ठेवलं आहे, आणि त्याच्याकडे कुटुंबाचा इतिहास म्हणून फार थोड्यांचं लक्ष जातं. किर्लोस्करवाडी हे कारखान्याचं गाव. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. बायकोचं शिक्षण, प्रौढ वयातलं लग्न, हुंडा, संततिनियमन, सासू-सुनेचं पटणं, नोकरी करणाऱ्या बाईचं घर या सगळ्यांवर अर्धं शतक त्यात लेख, गोष्टी आणि वाचकांची पत्रं येत राहिली. जुने अंक लावून बसलं तर कुठला प्रश्न कधी पहिल्यांदा विचारला गेला आणि कधी विचारायची गरज उरली नाही, हे दिसू लागतं. सुधारणेचं याहून चांगलं माप मला तरी माहीत नाही: जे पूर्वी विचारावं लागायचं ते आता विचारावं लागत नाही.

याच ‘स्त्री’त १९८२ साली फलटणच्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ क्रमशः आलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. महारवाड्यातल्या घरांचं असं वर्णन आधी कुणी केलं नव्हतं. जातीने तुडवलेली माणसं घरात आल्यावर कुणाला तुडवत होती, हे त्यांनी लपवलं नाही. कोवळ्या सुनेला उपाशी ठेवणारी, रात्री-बेरात्री कामाला उठवणारी सासू त्यात आहे. पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. त्यांनी कारणही सांगितलं: जिच्यावर कुणाचीच सत्ता चालली नाही तिला सत्ता गाजवायला एकच माणूस मिळायचं, ते म्हणजे सून. आणि तरीही या निर्भय पुस्तकात स्वतःच्या नवऱ्याबद्दल जवळजवळ काही नाही. बेबीताईंनी लिखाण वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या त्या पुढे, माया पंडित यांनी इंग्रजी अनुवादासाठी घेतलेल्या मुलाखतीत. समाजाबद्दल सगळं सांगेन, माझ्या घराबद्दल नाही. साधनं वाचताना ही रेघ सतत शोधावी लागते, कारण आपल्याला हवं ते नेमकं रेघेपलीकडे असतं.

ही पुस्तकं एकत्र पाहायची असतील तर महाबळेश्वर तालुक्यातच सोय आहे. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणारं भिलार मे २०१७ पासून राज्याचं ‘पुस्तकांचं गाव’ आहे. इथे ग्रंथालयाची इमारत नाही. गावकऱ्यांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. एका घरी आत्मचरित्रं, एका घरी स्त्री साहित्य, कुठे लोकसाहित्य, कुठे दिवाळी अंक. कुणाच्या तरी ओसरीत बसून दुसऱ्या कुणाच्या सासुरवासाची हकीकत वाचायची आणि आतून चहा आला की जरा ओशाळायचं, असा अनुभव दुसरीकडे मिळणार नाही. स्ट्रॉबेरी खायला येणाऱ्यांपैकी थोडे जण तिकडे वळले तरी पुष्कळ.

आता एका लाडक्या समजुतीकडे वळू: पूर्वी सगळे एकत्र कुटुंबात राहायचे. महाराष्ट्रात ही समजूत तपासायला एक अजोड गाव आहे, पुण्याजवळचं लोणीकंद. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९ साली, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने या गावाची बारीक पाहणी केली. १९५८ साली गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्याच गावाची पुन्हा पाहणी झाली, आणि पोलिन कोलेंडा या अमेरिकन अभ्यासिकेने १८१९, १९५८ आणि १९६७ अशा तीन वेळचं कुटुंबांचं चित्र शेजारी ठेवलं. दीडशे वर्षांत एकत्र कुटुंबं मोडत गेल्याचं त्यात दिसत नाही. कल उलट थोडा वाढीकडेच आहे. चमत्कारिक वाटेल, पण कारण सोपं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होतं. लहान मुलांचे मृत्यू त्यात मोठे, हे खरं. तरी तीन पिढ्या एका छपराखाली नांदायच्या तर आजोबांनी तोवर जगायला हवं. प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांतून ते जगणं सोपं नव्हतं. आज महाराष्ट्रात सरासरी आयुर्मान बहात्तरच्या आसपास आहे. आजी-नातवंडांनी वीस-वीस वर्षं एकमेकांना ओळखणं ही बरीचशी आपल्या काळाची कमाई आहे. ‘पूर्वी आजीच्या मांडीवर मुलं वाढायची’ म्हणताना किती मुलांना आजी होती, हेही विचारावं.

आकड्यांचं वाचन सोपं असतं असं मात्र समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याच्या हिंसेबद्दल विचारतात. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी सुमारे २१ टक्के बायकांनी अशी हिंसा सोसल्याचं सांगितलं. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा २५ टक्क्यांवर गेला. त्याच काळात अठरा वर्षांआधी लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण २६ वरून २२ टक्क्यांपर्यंत उतरलं. मग संसार सुधारले की बिघडले? मारहाण वाढली असेल. किंवा जी चापट पूर्वी ‘त्यात काय एवढं’ म्हणून मोजलीच जात नव्हती तिला आता बाई हिंसा म्हणते, असंही असेल. दोन्ही शक्य आहे, आणि एकट्या आकड्यावरून निवाडा करता येत नाही. या पाहणीत हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांत मिळाला तरच विचारतात, हे तिचं शहाणपण.

मला जास्त भरवशाच्या वाटतात त्या भावनेबद्दल न विचारता वागण्याबद्दल विचारणाऱ्या पाहण्या. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने २००४-०५ आणि २०११-१२ साली बहुतांशी त्याच घरांत जाऊन विचारलं: जेवायला बायका पुरुषांबरोबर बसतात की मागून? लग्नाआधी नवऱ्याला किती ओळखत होता? नवरा निवडताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ‘तुमचं घरात पटतं का?’ या प्रश्नाला कुणीही हो म्हणेल. पंगतीला आधी कोण बसतं, यात लपवालपवी कठीण. तसंच वेळेचं. देशभरच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ साली बायका २८९ आणि पुरुष ८८. फरक २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन यांनी दोघांचंही काम थोडं हलकं केलं असेल. वाटणी जिथल्या तिथे.

म्हाताऱ्यांची परिस्थिती पाहायला मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा वार्धक्यावरचा दीर्घ अभ्यास आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत साठीपुढच्या सुमारे पाच टक्के लोकांनी वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. हा आकडा कमी वाटतो, आणि तो कमीच असायचा. ज्यांच्या ताटात जेवायचं त्यांच्याबद्दल तक्रार कोण करतं? अमेरिकेत व्हर्न बेंग्टसन यांनी १९७० च्या सुमाराला तीनशेहून जास्त कुटुंबांच्या तीन पिढ्या धरून असाच अभ्यास सुरू केला. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आपलं नातं किती जवळचं आहे असं विचारलं की आईबाप नेहमी मुलांपेक्षा चढा आकडा सांगतात. मोठ्यांची त्या नात्यात गुंतवणूक जास्त, म्हणून. तेव्हा आजीचं ‘आमच्यात फार प्रेम होतं’ आणि नातवाचं ‘ठीक आहे आमचं’ ही दोन वाक्यं समोरासमोर ठेवून प्रेम आटलं असा निकाल देणं चुकीचं. आजीलाही विसाव्या वर्षी विचारायला हवं होतं.

राहिलं ते भाऊ-बहिणीचं नातं, आणि इथे कागद तोंडावर फेकल्यासारखा समोर येतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला. देशभर तो २००५ साली आला. कायद्याने बहीण बरोबरीची वाटेकरी झाली. मग वडील गेल्यावर काय होतं? वारसनोंद होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढतात, आणि थोड्या दिवसांनी बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्र होतं. मोबदला नाही, प्रेमापोटी, आपखुशीने, असं त्यात लिहिलेलं असतं. पूर्वीच्या उताऱ्यांत बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात बसवलेली सापडतात, मालकांच्या रांगेत नाहीत. सही न केली तर माहेर तुटेल ही धास्ती कुठल्याच कागदावर नसते, पण प्रत्येक बहिणीला ठाऊक असते. ओवीत भावाला चंद्रसूर्याच्या जोडीला बसवणारी बाई आणि हक्कसोडपत्रावर अंगठा देणारी बाई एकच आहे, हे विसरून भाऊबीजेची महती गाऊ नये. अपवाद झाले नाहीत असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, तेही फेरफारांत शोधता येतं. महसूल खात्याचे जुने अभिलेख आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर पाहायला मिळतात. आपल्याच गावाच्या तीन पिढ्यांचे फेरफार काढून किती बहिणी राहिल्या आणि किती सुटल्या हे मोजायला पीएचडी लागत नाही.

शाळेच्या हजेरीपटातली नावंही साधन असतात. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव ‘नकुशा’ ठेवायची चाल होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. चांगलं झालं. पण ज्यांनी ती नावं ठेवली ते काही शंभर वर्षांपूर्वीचे लोक नव्हते. बहुतेक मुली शाळकरी वयाच्या होत्या. २००१ ते २०११ या काळात राज्यातलं सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे ९१३ वरून ८९४ वर घसरलं, आणि सांगली जिल्हा तर २००१ सालीच ८५१ वर होता. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी सोनोग्राफी केंद्रांमागे लावलेला तगादा नसता तर याबद्दल एवढं बोललंही गेलं नसतं. आजीच्या पिढीने नकुशीला निदान जन्माला तरी येऊ दिलं. यंत्र हाती असलेल्या शिकलेल्या बापाने तेवढंही केलं नाही. पिढ्यांच्या सुधारणेचा हिशेब मांडताना हा आकडा वजाबाकीत धरावाच लागतो.

एवढ्या साधनांवरून मी स्वतः निकाल देईन तो असा. नवरा-बायकोतलं बोलणं सुधारलं, आणि बाप-मुलांतलंही. जुनी आत्मकथनं आणि आजच्या सवयी पाहिल्या तर यावर शंका घ्यायला जागा कमी आहे. सुनेवरची सासूची सत्ता उतरली; त्यात सासूच्या चांगुलपणापेक्षा सुनेच्या शिक्षणाचा आणि वेगळ्या चुलीचा हात मोठा. घरकामाची वाटणी जवळजवळ हलली नाही. भाऊ-बहिणीत जमीन आली की काळ थांबतो. म्हाताऱ्यांबद्दल छातीठोक बोलावं इतकं अजून कुणाच्याच हातात नाही. आणि मायेचं माप कुठल्याही पिढीचं निघत नाही. ती कमी झाली असं म्हणणाऱ्याने आधी पूर्वीची मोजून दाखवावी.

जात्यावर गायलेली शेवटची पिढी आता म्हातारी झाली आहे. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला ‘पूर्वी कसं होतं’ असं मोघम विचारू नका. गोड गोड उत्तर मिळेल. पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोण घ्यायला आलं होतं, नवऱ्याशी पहिल्यांदा दिवसाढवळ्या कधी बोललात, ताट कधी वाढून घ्यायचात, स्वतःच्या हातात पहिले पैसे कधी आले आणि ते कशावर खर्च केले, जमिनीच्या कागदावर सही कुणी घेतली, हे विचारा. उत्तर तिच्याच शब्दांत उतरवा. गाव, साल आणि तिचं नाव वर लिहा. मनिऑर्डरची कुपनं, आंतरदेशीय पत्रं, लग्नाच्या खर्चाची वही रद्दीत घालू नका. आणि विचारताना घरातला एकही पुरुष त्या खोलीत ठेवू नका.